सोयाबीनची खोटी किल्ली

बुसान, ८ नोव्हेंबर १९९८

ती. ओकबुनताईस,
धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल शाळेच्या पत्त्यावर मिळालं आणि कपाळाला हात लावला. मी पाठवलेलं वर्तमानपत्राचं कात्रण वाचून तू सोयाबीनच सोडलंस! आंबवलेल्या सोयाबीनच्या जांगचं सार नाही, टोफू नाही, मोड आलेल्या दाण्यांची भाजी नाही. मग खातेस तरी काय गं? एप्रिलमध्ये ऑपरेशन झालेल्या बाईनं भात आणि मुळ्याच्या पाण्यावर राहायचं? अख्ख्या गावाला जांग कसं घालायचं ते शिकवणारी तू, आणि तुझ्याच घरात तुझ्या वाटीत जांग नाही, हे आईला कळलं असतं तर तिनं मला झोडपलं असतं.

चूक माझी आहे. नुसतं कात्रण पाठवलं, समजावलं नाही. आता नीट ऐक. आपल्या अंगात इस्ट्रोजेन नावाचं द्रव्य असतं ते तुला डॉक्टरांनी सांगितलंच आहे. ते म्हणजे किल्ली समज. तुझ्या छातीतल्या गाठीच्या पेशींवर त्या किल्लीची कुलपं होती. किल्ली फिरली की पेशी वाढते. तुला पाच वर्षं घ्यायची ती पांढरी गोळी त्या कुलपात जाऊन बसते, म्हणजे किल्लीला जागाच राहत नाही. आता गंमत अशी की सोयाबीनमध्येही तशीच एक किल्ली सापडली आहे, झाडाची. पण ती कच्ची घासलेली. कुलपात शिरते, फिरत मात्र जेमतेम. म्हणून काही शास्त्रज्ञ म्हणतात की ती खऱ्या किल्लीची वाट अडवते. दुसरे म्हणतात की ती थोडी फिरतेच, उंदरांच्या गाठी वाढल्या. मला विचारशील तर ती वाट अडवतेच. आपण बायका पिढ्यानपिढ्या हेच खात आलो ना?

आणखी एक ऐक. ऑस्ट्रेलियात मेंढ्यांना एका जातीचं गवत चारलं तर त्यांना कोकरंच होईनात. का, तर त्या गवतात झाडाची हीच किल्ली खच्चून भरलेली. हे वाचल्यापासून मी शाळेच्या स्वयंपाकघरात सहाशे पोरांचं जेवण मांडताना प्रत्येक पाल्याकडे संशयानं बघते. दाणे, शेंगा, रानातल्या वेली, कशाकशात काय दडलंय देव जाणे.

तेव्हा मुकाट्यानं सार पी. सूनबाईला, युनजोंगला सांग, सासूच्या वाटीत टोफूच्या दोन फोडी जास्त घाल म्हणून. तुझ्या सासूबाईंना नमस्कार. माझ्यावरचा राग सार पिऊन झाल्यावरच काढावास, ही विनंती.

तुझी,
सनजू

❖

हामयांग, ३ डिसेंबर १९९८

चि. सनजूस अ. उ. आ.

पत्र पोचलं. तीनदा वाचलं. तू मास्तरीणच व्हायची होतीस, पोरांना भात वाढण्यात उगाच जन्म घालवलास. कुलूपकिल्ली मला इतकी पटली की मी ती शेजारच्या छिलगोकवालीलाही समजावली. ती म्हणाली, तिच्या घरातली सगळीच कुलपं गंजलीत, आता कुठलीही किल्ली चालणार नाही. आम्ही दोघी चुलीपुढे पोट धरधरून हसलो.

जांगसाठी मेजूच्या विटा पाडायचे सोयाबीन तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात उकडले. पत्र वाचलं तरी भीती पुरती गेली नव्हती, म्हणून दाणा चाखायला मी युनजोंगला सांगितलं. तिनं तोंडात टाकला, झाला म्हणाली, आणि मी ऐकलं. सबंध हंडा कच्चा उतरला गं! कुटताना दाणे उखळाबाहेर उड्या मारायला लागले. बोटांनी दाबला की लोण्यासारखा मिटला पाहिजे आणि जिभेला गोड लागला पाहिजे, हे सांगून कळतं का? मग मात्र मी चिडून स्वतः मूठभर खाल्ले, हंडा पुन्हा चढवला. आता विटा पाडून झाल्यात, पेंढ्याच्या दोरीनं बांधून गरम खोलीत टांगल्यात. त्या दिवसापासून मी सारही पिते. झालं तुझं समाधान?

तुझ्या मेंढ्यांनी तर माझं डोकंच फिरवलं. रानातल्या वेलींमध्येही ते किल्लीचं द्रव्य असतं असं तू लिहिलंस. इथे बाजारात औषधी मुळ्या विकणारा म्हातारा आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, छिकच्या वेलीच्या मुळाइतकं ते कशातच नाही, बायकांचं गरगरणं, घाम, धग सगळ्याला शहरात आता त्याचाच रस पितात. मग मी बसून हिशेब जुळवला. गोळी कुलपात बसते. झाडाची किल्लीही कुलपात बसते. काम एकच. पण गोळीनं माझी काय गत केली होती ठाऊक आहे का? भर थंडीत घामानं पोलकं भिजायचं, सासूबाईंपुढे जेवताना तोंड मिरचीसारखं लाल व्हायचं. म्हणून नोव्हेंबरच्या मध्यापासून गोळी बंद केली आहे आणि सकाळसंध्याकाळ पेलाभर छिकचा रस घेते. धग गेली. कडूजार असतो मेला, पण आपल्या डोंगरातला आहे. हे सगळं तुझ्याच पत्रामुळे सुचलं, म्हणून तुला आधी कळवते.

पोरांना संभाळून असावं. थोरलीवर लोभ आहेच, तो असाच वाढत्या पत्रांनी दाखवावा.

तुझी,
ओकबुनताई

❖

बुसान, ७ डिसेंबर १९९८

ती. ताई,
नमस्कार.

पत्र वाचलं. तसाच फोन लावला तर तू किमची घालायची घाई आहे म्हणून ठेवून दिलास. तुमचा फोन सासूबाईंच्या उशाशी, त्यामुळे तू तिथे बोलणार नाहीस हे मला कळतं. म्हणून लिहिते.

ताई, गोळी आजच्या आज सुरू कर. तुझ्या पाया पडते. काम एकच नाही! गोळी कुलूप बंद ठेवते हे हजारो बायकांवर वर्षानुवर्षं तपासलेलं आहे. मुळाच्या रसात किती किल्ल्या आहेत, त्या तुझ्या कुलपात फिरतात की अडतात, कोणीही मोजलेलं नाही. जेवणातलं वाटीभर सार वेगळं आणि किलोभर मुळं पिळून काढलेला रस वेगळा. तुझी पाळी गेलेली, अंगातल्या खऱ्या किल्ल्या आधीच कमी. अशा वेळी कच्ची किल्लीसुद्धा फिरली तर? गाठ परत आली तर मी काय करू? मी शहाणपणा मिरवायला गेले आणि तुझ्या हातातलं औषध काढून घेतलं. पत्र वाचल्यापासून मला अन्न गोड लागलेलं नाही.

रस ओतून दे. त्या म्हाताऱ्याला माझ्या नावानं चार शिव्या दे. ताबडतोब उत्तर पाठव.

तुझी मूर्ख,
सनजू

❖

हामयांग, ५ जानेवारी १९९९

चि. सनजूस आशीर्वाद.

उत्तराला उशीर मुद्दामच केला. रागावले होते. अजूनही आहे.

पहिल्या पत्रात तू लिहिलंस की झाडाची किल्ली वाट अडवतेच. दुसऱ्यात म्हणतेस, फिरली तर. दोन्ही वेळा असं ठासून लिहिलंस की जणू माझ्या अंगात डोकावून आलीस. मी कुठल्या सनजूचं ऐकू? कात्रण आलं, मी खाणं सोडलं. पत्र आलं, खाल्लं. आता पुन्हा पत्र, रस सोड. मी काय तुझ्या शाळेतलं पोर आहे का, ताटात वाढाल ते गिळायला?

गोळी सुरू केलेली नाही. खरं सांगू? धगीचं एवढं काही नव्हतं. धग सोसली असती. पण गोळी घेताना रोज सकाळी मी आजारी बाई असायचे. डॉक्टरांनी कापलं, डॉक्टरांनी दिलं, मी तोंड उघडायचं आणि गिळायचं. रस मी स्वतः शोधून काढला. मूळ स्वतः धुते, ठेचते, पिळते. आठ महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या अंगावर माझा हात चालतोय असं वाटलं. हे तुला नाही कळायचं.

भीती वाटत नाही असं समजू नकोस. रोज आंघोळीला व्रणावरून बोटं फिरवते आणि श्वास धरते. सध्या एवढंच.

ओकबुन

❖

बुसान, ११ जानेवारी १९९९

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र स्वयंपाकघराच्या कोठीत बसून वाचलं आणि रडले. तू म्हणतेस ते शब्दन्‌शब्द खरं आहे. मला माहीत नाही, ताई. सोयाबीनची किल्ली अडवते की फिरते, मला खरंच माहीत नाही. नवीन काही वाचलं की मला राहवत नाही आणि अर्धवट कळलेलंही पुरतं कळल्यासारखं सांगते. लहानपणापासून खोड आहे.

आता समजावत नाही. एकच मागणं. तुला जे विचारायचं ते कागदावर लिही आणि जिंजूच्या इस्पितळातल्या डॉक्टरांना तूच विचार. रस घेतेस, गोळी सोडलीस, सगळं सांग. मी तेवीस तारखेला सकाळी जिंजूच्या बसस्थानकावर उभी असेन. तू आली नाहीस तर संध्याकाळच्या बसनं परत जाईन, रुसणार नाही. बर्फ पडलं तरी येईन.

तुझी,
सनजू

❖

हामयांग, ३० जानेवारी १९९९

चि. सनजूस अनेक आशीर्वाद, आणि त्या दिवशी तुला बाकावर बसवून ठेवलं त्याबद्दल पाठीवरून एक हात.

नाक लाल करून दीड तास इस्पितळाबाहेर बसलीस, मग स्थानकाकडे जाणाऱ्या बसमध्ये माझ्या तोंडाकडे टकामका बघत राहिलीस. मी मात्र खिडकीबाहेर बघत होते. बोलले असते तर रडले असते, आणि समोर त्या दोन कोंबड्या घेतलेल्या बाई होत्या. म्हणून आता सगळं लिहिते.

ऑपरेशनवाले डॉक्टर नव्हते, हे तरुण निघाले, युनजोंगच्या वयाचे. मी कागद उघडला. अकरा प्रश्न. ते घड्याळाकडे बघतील असं वाटलं होतं, पण त्यांनी खुर्ची जवळ ओढली. आधी सगळं कबूल केलं. मला हे सुचवलं कोणी, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, कोणी नाही, माझंच डोकं. तुझं नाव घेतलं नाही, उगाच फुगू नकोस. मग त्यांनी तपासलं. आज हाताला काही लागत नाही म्हणाले, पण एवढ्यावरून हुरळून जायचं नाही, तीन महिन्यांनी छातीचा फोटो काढायचा. सार, टोफू जसं खात आले तसं खावं, ते स्वतःही रोज खातात. छिकचा रस आणि सोयाबीनच्या अर्काच्या गोळ्या मात्र नकोत, कारण त्या पेल्यात किती काय आहे ते ना त्या म्हाताऱ्याला माहीत ना त्यांना. धगीसाठी दुसरं काही करून बघू, पण सांगायचं, लपवायचं नाही. छिकचं मूळ गोळीच्या जागी बसत नाही, हे त्यांनी टेबलावर बोट आपटून सांगितलं.

मी मान डोलवत होते, पण मनातून हटले नव्हते. खरं सांगते. ठासून बोलणारं आणखी एक माणूस, एवढंच वाटत होतं.

अकरावा प्रश्न कागदावर शेवटी लिहिला होता आणि तो विचारायची मला लाज वाटत होती. तरी विचारला. म्हटलं, मी पंचावन्न वर्षं रोज जांग खाल्लं. आईच्या हातचं, मग स्वतःच्या. तीन पोरांना अंगावर पाजलं. दारू नाही, विडी नाही. जे लोक म्हणतात की या अन्नानं आपल्या बायका वाचतात, त्यांच्या हिशेबात मी बसायला हवी होते. मग मला का झालं? मी कुठे चुकले?

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले की त्यांना माहीत नाही. शंभर बायकांविषयी काही सांगता येतं, पण माझ्या एकटीविषयी, मलाच का, हे त्यांना माहीत नाही आणि आज कुणालाच माहीत नाही. पण मी काही चुकले असेन असं त्यांना वाटत नाही.

सनजू, एप्रिलपासून मी रोज स्वतःला विचारत होते की मी काय खाल्लं, काय केलं. सासूबाईंनी काही सांगितलं, छिलगोकवालीनं काही, तू काही. माहीत नाही असं सरळ तोंडावर म्हणणारा हा पहिला माणूस भेटला. आणि जे माहीत नाही ते जो लपवत नाही, त्यानं जे माहीत आहे म्हणून सांगितलं त्यावर माझा तिथल्या तिथे विश्वास बसला. गोळ्यांचं पाकीट पिशवीतच होतं. बाहेर टाकवत नव्हतं म्हणून इतके दिवस तसंच पडलं होतं. त्यांच्यासमोर गोळी काढली आणि पाण्यावाचूनच गिळली.

तुझी,
ओकबुनताई