घोडबंदरची भिंत आणि डिमेलो

रवि., ५ जाने.
ज्येष्ठ ना. संघाची मीटिंग. यंदाची सहल घोडबंदर किल्ला. सहल कुठलीही असो, शेवटी मी शाळेत पाठ केलेल्या कविता म्हणणार, हे ठरलेलं. सेक्रेटरी म्हणाला, काका, यंदा कविता पाच मिनिटं. पाऊण तास डिमेलोंना. उत्तनचे. जन्मभर दगडाचं बांधकाम केलं. आपल्या साष्टी बेटावर कुठल्या परक्या राजानं काय बांधलं, ते सांगणार.
मीटिंगहून परतताना सुमन इंद्रलोकच्या नाक्यावर म्हणाली, बरं झालं, काहीतरी नवीन. बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर बायको असं...

बुध., ८
सुमननं डिमेलोंचं बोलणं लिहून घ्यायला नवी वही आणली. माझ्या कवितांसाठी कधी आणली नाही. विचारलं तर म्हणाली, त्या पाठच आहेत. सरळ उत्तर टाळलं तिनं.

रवि., १२
किल्ला. डिमेलो बोलायच्या आधीच उठलो. ही भिंत मराठ्यांची, असं ठोकून दिलं नि कविता सुरू. दोन ओळींत सगळे डिमेलोंकडे बघायला लागले. ते भिंतच बघत होते. सुमनच म्हणाली, "डिमेलो, खरं काय ते सांगा."
"भिंत फिरंग्यांची, पोर्तुगीजांची हाय, ताई. वरची डागडुजी मराठ्यांची. तिकडं फिरंग्यांचं चर्च होतं, त्याचा इंग्रजानं सायबाचा बंगला केला. पन दगड वाहिला तो आमच्याच लोकांनी. राजा कुठलाबी असो."
खाली बसलो. मग डिमेलो म्हणाले, हात लावून बघा. खालच्या चुन्यात शिंपल्या, वरचा भुसभुशीत. सुमन डोळे मिटून तळहात टेकून उभी. किती वेळ! या वयात दगडाचा हेवा.
रिक्षात म्हणाली, कविता अर्धीच का सोडली? म्हटलं, ऐकत कोण होतं.
"मी."
चुकलंच.

सोम., १३
डिमेलोंचा फोन. हिच्या मोबाईलवर. शनिवारी दोघांना उत्तनला बोलावलंय. त्यांच्या दाराला म्हणे फिरंग्यांच्या वेळची दगडी चौकट आहे. आमच्या दाराला प्लायवूड.

शनि., १८
चारला निघायचं. हिनं निळी साडी नेसलीय. म्हणाली, "नाही आलात तर मी एकटी जाईन. आलात तर राहिलेली कविता म्हणा, डिमेलोंनी मागितलीय."
म्हणजे कवितासुद्धा त्याला हवी.
चारला पाच कमी. ही बाहेर लिफ्ट धरून उभी आहे. डायरी मिटतो. कविता पाठच आहे.