आपापल्या आईकडून

२६ मार्च, बुधवार

खराट्याच्या काड्या मोडून ठेवल्या, चहाचे कागदी कप आणले. रविवारी पाडवा. बिल्डिंगमधल्या पोरांकडून छोट्या गुढ्या करून घ्यायच्या. खरं तर सगळा खटाटोप वैदेहीसाठी — ह्यांची सात वर्षांची लेक. लग्न होऊन वर्ष होत आलं, पण पोरगी मला अजून कशानंच हाक मारत नाही. आई नाही, काकू नाही, ताईसुद्धा नाही. काही हवं असलं की मागून येते आणि पदर ओढते. मी काय एस्टीच्या घंटीची दोरी आहे?

२७ मार्च

पोरं आली. कपाला सोनेरी कागद लावून कलश केले. शेजारचा राजस कप सुलटाच चिकटवत होता. म्हणे, "पालथा घातल्यावर चहा सांडतोय की." चुरमुऱ्यांचे हार ओवले, स्वतःच्या गुढीचा हार त्यानंच खाल्ला. वैदेही कोपरापर्यंत डिंकात. एकदा खळखळून हसली — मी बघतेय म्हटल्यावर थांबली.

आणि मग माझी जीभ! म्हणाले, "गुढीला नेसवायचं कापड ज्यानं त्यानं आपापल्या आईकडून आणायचं." बोलून गेले आणि मग आठवलं. वैदेहीची आई जाऊन तीन वर्षं झाली. ती खाली मान घालून काडीला डिंक लावत राहिली.

२८ मार्च

दिवसभर स्वतःवरच चिडचिड. भाजी करपली. ह्यांना सांगितलं तर म्हणे, "लहान आहे, विसरेल." ह्यांना सगळं विसरण्यासारखंच वाटतं.

संध्याकाळी ट्रंकेतली तिच्या आईची हिरवी साडी काढली. म्हटलं, "ही तुझ्या आईची. ह्यातला तुकडा घे." तिनं साडीत नाक खुपसलं, मग घडी नीट केली आणि परत दिली.

"ही न्हाय कापायची."

बरोबरच आहे तिचं. पण सगळ्यांच्या गुढ्या नेसल्या, हिची तशीच उघडी. लई वाईट वाटलं.

२९ मार्च

साखरेचे हार, कडुनिंब, आंब्याची डहाळी आणली. आईनं टेंभुर्णीहून पाठवलेली नवी इरकल उद्या नेसायची म्हणून काढून ठेवली. दुपारी जरा डोळा लागला. उठले तर कात्री सापडेना. ह्या घरात एक वस्तू जाग्यावर राहील तर शपथ.

३० मार्च, पाडवा

सकाळी घाईत इरकल उलगडली — पदराला भोक! चांगलं चौकोनी, कात्रीनं कापलेलं. अंगाचा तिळपापड झाला. साडी हातात घेऊन तशीच ओरडत दारात गेले. मोठ्या गुढीशेजारी वैदेहीची छोटी गुढी उभी, अंगावर माझ्या पदराचा लाल तुकडा. ती रडकुंडीला आलेली.

"तुमीच म्हणला की, आपापल्या आईकडून आणा. तुमी झोपला होता, म्हणून विचारलं न्हाय."

तीच साडी नेसले. भोक सगळ्यांना दिसेल असा पदर घेतला.