हातातली दहा मिनिटं

बाबा, काल मी एका बोटीचं पोट दगडावर घासलं. सुकाणू माझ्या हातात नव्हतं, पण घासलं ते माझ्यामुळेच, आणि हे सांगायला तुमच्याशिवाय दुसरं कोणी सुचेना. आईला सांगायचं तर मी बोटीवर जाते इथपासून सुरुवात करावी लागेल. तिची अजून अशी समजूत आहे की मी इलेक्ट्रॉनिक सिटीत एसीमध्ये खुर्चीवर बसून काम करते. ती बरी आहे. गुडघे कुरकुरतात, तरी दर सोमवारी संध्याकाळी जवळच्या देवळात भजनाला चालत जाते. हल्ली तिची एकच तक्रार असते, की ही नवी मंडळी भजन वेळेआधीच सुरू करतात, ती पोचेपर्यंत गणपतीचं म्हणून झालेलं असतं. आपल्या कारखान्याच्या क्वार्टर्समधलं स्वयंपाकघराचं घड्याळ आता माझ्याकडे फ्रीजच्या वर आहे. आईने ते टाकू दिलं नाही.

मी शर्यतीच्या शिडाच्या बोटींवर यंत्रं बसवते आणि ती बरोबर करून देते. वारा कुठून येतो, बोटीचा वेग किती, होकायंत्र, खाली पाणी किती. बंगळुरूत कुठला आलाय समुद्र, असं तुम्ही विचारलंच असतंत. समुद्र नाही, पण शहराबाहेर धरणाचं पाणी आहे, पगार बरे असलेली माणसं आहेत, आणि हौसेला मोल नसतं. काम मात्र तुमचंच आहे. कारखान्याच्या कॅलिब्रेशन विभागात, मापं तपासतात तिथे, तुम्ही मला एकदा नेलं होतंत, आठवतं? टेबलावर एक चकचकीत गेज होतं आणि मी ते मुठीत धरलं. तुम्ही सगळ्यांदेखत ओरडलात, की हाताच्या उबेने ते फुगतं, ठेव खाली, आता तासभर त्याला कोणी हात लावायचा नाही. मी रडले. घरी येताना तुम्ही चिकपेटला उतरलात, तिथल्या हार्डवेअरच्या दुकानातून मला एक पितळी ओळंबा घेऊन दिलात आणि म्हणालात, हा कधी खोटं बोलत नाही. दुसऱ्या मुलींचे वडील बांगड्या घेऊन द्यायचे.

तोच ओळंबा शनिवारी माझ्याबरोबर होता. दोरीला मीटरच्या खुणा केल्या, टोकाला तो बांधला आणि पाण्यात सोडला. बाकीची यंत्रं सकाळपासून जमत आली होती. संथ पाण्यात बोट हळूहळू पूर्ण गोल फिरवून होकायंत्र लावलं, दोन खांबांमध्ये एकदा जाताना आणि एकदा येताना वेग मोजला, कारण एकाच बाजूने मोजलं तर पाण्याला थोडी ओढ असली तर तिचाही वेग त्यात धरला जातो. राहिली होती खोली. बोटीच्या तळाला शिशाचा एक जड पंख असतो, त्याला कील म्हणतात, आणि त्या कीलखाली किती पाणी शिल्लक आहे ते यंत्र दाखवतं. कीलची लांबी वजा केल्यावरही तुमच्या ओळंब्यापेक्षा यंत्र एक मीटर कमी दाखवत होतं. तीन ठिकाणी मोजलं, तिन्ही ठिकाणी बरोब्बर एक मीटर. मला इतका आनंद झाला, बाबा. चूक अशी एकसारखी सापडली की पोळीवरून पापुद्रा सुटावा तशी निघते. मी ती काढून टाकली. बोटीचा मालक मूळचा पुण्याचा, माझ्याच वयाचा. त्याला म्हटलं, सगळं बरोबर करून दिलंय. तो म्हणाला, ग्रेट.

काल शर्यत होती आणि यंत्रांवर लक्ष ठेवायला त्याने मलाही बरोबर घेतलं. तो सुकाणूवर, त्याची बायको बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला उभी, दोघं मित्र शिडाच्या दोऱ्यांवर, आणि मी मधे यंत्रांच्या पडद्यासमोर. बायको इथलीच, कन्नड. सगळ्यांत हलकी म्हणून तिला पुढे उभं करतात. आमच्या पुढे एक बोट होती आणि तिला गाठायचं तर किनाऱ्याला चिकटून जायला हवं होतं, कारण तिथे वारा जरा आपल्या बाजूने वळतो. किनारा म्हणजे आपल्याकडचा, नुसते काळे धोंडे. निम्मे वर दिसणारे, निम्मे पाण्याखाली. पडद्यावर आकडा उतरत होता. तीन. अडीच. दोन. मला वाटतंय आता वळेल. दीड. मी त्याच्याकडे बघते, तो शांतपणे शिडाकडे बघतोय. एक. एकाच्याही खाली. मी म्हटलं, पाणी संपत आलंय. तो हसून म्हणाला, "अगं, अजून एक मीटर आहे आपल्या हातात."

आणि बाबा, तिथे, त्या धोंड्यांसमोर, मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. मी नऊ-दहा वर्षांची. आई जिन्याच्या दाराशी, पायाशी बॅग, सोलापूरला तिचे वडील, माझे आजोबा, आजारी असल्याचा फोन शेजाऱ्यांकडे आलेला. मी म्हणतेय, आई, निघूया. ती घड्याळाकडे बघते आणि म्हणते, अजून दहा मिनिटं आहेत हातात, तुझ्या बाबांसाठी कुकर लावून जाऊ. ते घड्याळ दहा मिनिटं पुढे असायचं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, कामाच्या अक्कासुद्धा मनात दहा वजा करायच्या. घरात खोटं माप नको, असा तुमचा हेका होता आणि आदल्या रात्री सेल बदलताना तुम्ही ते बरोबर लावलं होतंत. कोणाला सांगितलं नव्हतंत. बरोबर केल्यावर सांगायचं काय, असंच वाटलं असणार तुम्हाला. सिटी स्टेशनच्या पुलावरून आम्ही गाडीचा शेवटचा डबा बघितला. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने पोचलो तेव्हा अंगणात लोक बसलेले होते.

मी ओरडले, "वळवा. तो मीटर आता नाहीये, मी काढला." त्याने माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं कोण जाणे, मला तो वेळ फार मोठा वाटला, कारण मी त्याच्या बायकोकडे बघत होते. ती एका हाताने शिडाची तार धरून पाण्यावर वाकली होती आणि बोट वेगात धोंड्यावर आदळली असती तर ती तशीच पुढे फेकली गेली असती. त्याने सुकाणू आपटल्यासारखं फिरवलं. बोट कलली, वळली, आणि वळता वळता पायाखालून एक लांबलचक खरखर आली, तवा उलथण्याने खरवडावा तशी. त्याची बायको गुडघ्यांवर पडली. मग उठली, हात झटकले आणि वळून आम्हा सगळ्यांकडे बघितलं. दोन बोटी आम्हाला मागे टाकून गेल्या.

धक्क्याला लागल्यावर त्याने कीलला हात लावून बघितलं, ओरखडा होता, तडा नव्हता. मग मला बाजूला घेतलं. तो मीटर त्यानेच मागे मुद्दाम घातला होता, एकदा असाच दगड लागल्यावर, आणि बोटीवरच्या सगळ्यांना ते माहीत होतं. आवाज न चढवता तो म्हणाला, "बरोबर केलंस ते सांगितलंस. आधी किती चुकत होतं ते नाही सांगितलंस." तुम्हालाही एकदा असंच ऐकावं लागलं होतं. त्या दिवशी संध्याकाळी कारखान्यातून तुम्ही परत आलात तेव्हा आई बॅगेशेजारी खाली बसली होती. तुम्ही विचारलंत, गाडी? ती इतकंच म्हणाली, "घड्याळ बरोबर होतं." तुम्ही बूटही काढले नव्हतेत.

सोलापूरहून परतलो तेव्हा घड्याळ पुन्हा दहा मिनिटं पुढे होतं. मला वाटायचं, तुम्ही हरलात. आयुष्यभर लोकांची मापं बरोबर करणारा माणूस घरात स्वतःच्या हाताने खोटं घड्याळ लावतो याची मला लाज वाटायची. पुढे दर वेळी सेल बदलला की तुम्ही घरभर फिरून एकेकाला सांगायचात, मला, अक्कांना, घरी पाहुणे असले तर त्यांनाही, की दहा मिनिटं पुढे केलंय हं. मी तुमची नक्कल करून मैत्रिणींना हसवायचे. आईला सांगताना तुमचा आवाज बारीक व्हायचा आणि ती भांडी लावत राहायची. काल मी तो मीटर परत घातला. मग धक्क्यावर एकेकासमोर जाऊन तेच करत होते. एक मीटर कमी दाखवतंय, मी परत घातलाय. सगळ्यात शेवटी त्याच्या बायकोला सांगितलं. ती तिच्या कन्नडमध्ये म्हणाली, सरी, ठीक आहे, आणि माझा हात जरा दाबला. मला तुमची इतकी आठवण आली की मी दोरी गुंडाळायच्या निमित्ताने खाली बसले.

एक राहिलंय. गेल्या महिन्यात फ्रीजवरचं घड्याळ बंद पडलं, तोवर ते दहा मिनिटं पुढेच होतं. मी सेल बदलला आणि फोनमध्ये बघून वेळ लावली, बरोबर, अगदी सेकंदाला. आईला सांगितलं नाही. काल परत येताना, फ्लायओव्हरवर गाड्या तुंबल्या होत्या तेव्हा, माझ्या ध्यानात आलं की देवळातली मंडळी भजन वेळेवरच सुरू करतात. कालच सांगायला हवं होतं. पण घड्याळाचं नाव काढलं की ती चुकलेली गाडी बोलण्यात निघणार, आणि ती गाडी आमच्यात इतक्या वर्षांत कधी निघालेली नाही. म्हणून तुम्हाला लिहीत बसले. तुम्ही काही विचारत नाही.

आज सोमवार आहे. आईने साडी बदलली, कपाळाला कुंकू लावलं, आता ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून घड्याळाकडे बघतेय. "अजून दहा मिनिटं आहेत," ती म्हणते, "तुझ्यासाठी चहा टाकून जाते."

नाहीयेत, बाबा. पेन खाली ठेवते, तिला सांगते.