अर्जदाराला कोणी नाही

३ जुलै

चि. खारूस, अनेक उ. आ.

तुझं पत्र मिळालं. मी बरा आहे, गुडघे सोडून. त्यांचं-माझं सध्या बोलणं बंद आहे. डेपोत माझ्यापुढे शिवायच्या बसच्या फाटक्या सिटांचा नुसता ढीग पडलाय. जुन्या सिटांच्या पोटात कोंबलेली वर्तमानपत्रं वाचत मी अक्षरं शिकलो, तेव्हा बँकेचे कागदही वाचू, असं वाटलं होतं. घाम फुटला.

तुझ्या शिक्षणाच्या कर्जाचं विचारायला गेलो होतो. मॅनेजरबाई भल्या, बसायला खुर्ची दिली. पण म्हणाल्या, जामीन राहायला तुमचं वय उलटलंय, खोलीही भाड्याची. दुसरा कोणी आणा. तुझ्या मामाला फोन लावला. त्याने माझी तब्येत विचारली, हवापाणी विचारलं, आणि मी विषय काढताच त्याच्या दारात पाहुणे आले. तुझी आई गेल्यापासून त्या माणसाकडे फारच पाहुणे येतात बाई!

शिष्यवृत्तीचं काय झालं ते लगेच कळव. आणि फीपायी जेवण टाळू नकोस.

पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
काका

९ जुलै

ती. काकांना, शि. सा. न. वि. वि.

शिष्यवृत्ती निम्मी केली. तुमचा पगार त्यांच्या मर्यादेच्या जरासा वर जातो म्हणे. महिनाअखेर उरलेली फी भरली नाही, तर परीक्षेला बसू देणार नाहीत, नावच कमी करतील. वॉर्डनबाईंनी कालच विचारलं, खोली कधी रिकामी करतेस? मी हसले. का हसले, कोण जाणे. रडून रडून आता रडूही येत नाही.

कचेरीतल्या कारकुनांनी हळूच एक वाट सांगितली. आई नाही, जन्म देणारा बाप कधी दिसलाच नाही, आणि तुम्ही सावत्र. मला रीतसर दत्तक घेतलेलं नाही. तेव्हा मला कोणी नाही, कोणी पोसत नाही, असं लिहून दिलं तर निराधार म्हणून सगळी फी माफ होईल. चौकशीला एक माणूस घरी येईल. तुम्ही त्याला एवढंच सांगायचं, की हिचा-माझा काही संबंध नाही.

मी म्हटलं, असलं लिहिण्यापेक्षा चार घरची भांडी घासेन. ते म्हणाले, पोरी, भांडी घासून फी भरता आली असती, तर माझी मुलगीही आज इथेच शिकत असती.

काका, मी काय करू?

तुमची,
खारू

१३ जुलै

चि. खारूस, अ. उ. आ.

अगं वेडाबाई, विचारतेस काय? लिहून दे! मला कोणी नाही असं तू लिहिलंस म्हणून मी काय हवेत विरून जाणार आहे? तुझ्या आईने जाताना माझा हात धरून एवढंच मागितलं, की हिचं शिक्षण थांबवू नका. ते थांबलं, तर मी कोणत्या तोंडाने जगायचं?

इकडची तयारी झाली. भिंतीवरचे तुझे फोटो उतरवले, कपडे शेजारच्या न्हाव्याकडे नेऊन ठेवले. मग तालमीसाठी तो न्हावीच चौकशीचा साहेब झाला आणि वस्तरा हातात घेऊन मला उलटसुलट विचारत होता. वस्तऱ्यापुढे मी काहीही कबूल केलं असतं, तरी पास झालो! आज रात्री जरा झोप लागेल.

खोटं बोलायला शिकलेला,
काका

१८ जुलै

ती. काकांना, सा. न. वि. वि.

दिलं लिहून. ‘कोणी नाही’ या दोन शब्दांपाशी पेन अडकलं, रांगेतल्या मागच्या मुलाने घाई केली तेव्हा उमटले.

साहेब या आठवड्यात येतील. पाया पडते, काका, विचारतील तेवढंच बोला. तुम्हाला पाणी द्यायला आलेल्याशीही तासभर गप्पा लागतात. हे हुकलं, तर माझ्यापुढे दुसरं काहीच नाही.

खारू

२४ जुलै

चि. खारूस, आशीर्वाद.

अक्षर सांभाळून घे.

साहेब आले. पोरगेलेसे, सभ्य. मी पाठ केल्याप्रमाणे बोललो: बायकोची मुलगी आहे, माझा तिचा संबंध नाही, कुठे असते ठाऊक नाही. त्यांनी लिहून घेतलं, पेनाला टोपण लावलं, उठले. झालं होतं गं सगळं! एक पाय बुटात गेला होता. आणि जाता जाता ते अगदी मनापासून म्हणाले, बिचारी, तिला जगात विचारणारंही कोणी नाही.

मला जाऊ द्यायचं होतं त्यांना. पण माझं डोकंच फिरलं. म्हटलं, कोणी नाही म्हणजे काय? मी मेलोय का? तिला ताप आला तर उशाशी कोण बसतं? दर महिन्याला मनिऑर्डर कोण करतं, तुम्ही? ते परत बसले. मीही थांबेना. कपाटातून तुझ्या मार्कांचे कागद काढून त्यांच्या मांडीवर ठेवले आणि म्हटलं, बघा, बिचारी आहे का ही!

ते गेल्यावर मी काय करून बसलो ते कळलं. न्हाव्याने तुझे कपडे परत आणून टाकले. तू मला वाटेल ते बोल, पण पत्र लिही.

अपराधी,
काका

२ ऑगस्ट

ती. काकांना, शि. सा. न. वि. वि.

अर्ज नामंजूर झाला. काल नाव कमी केलं. सामान वॉर्डनबाईंच्या व्हरांड्यात आहे आणि मी त्यावर बसून हे लिहितेय. पुढे काय, मला खरंच काही दिसत नाही.

तुम्हाला काय काय बोलायचं ते मी कचेरीच्या पायऱ्यांवर ठरवत होते. पुष्कळ ठरवलं होतं. मग कारकुनांनी चौकशीचा कागद वाचायला दिला. साहेबांनी लिहिलंय: अर्जदाराला कोणी नाही हे खरे नाही. वडील हयात आहेत, मुलीचा खर्च करतात व तिच्याविषयी फार बोलतात.

वडील. सावत्र हा शब्द त्यांनी कुठेच घातलेला नाही.

मी नक्कल मागितली. कारकून म्हणाले, नामंजुरीची नक्कल घेऊन काय करणार? मी हात पुढेच ठेवला. त्यांनी दिली मात्र, पैसे न घेता.

लोभ असू द्या, असं लिहिणार होते. पण तो आहे, कचेरीच्या शिक्क्यानिशी.

तुमची,
खारू