धर्माची गाय आणि लोखंडी जिना

चि. शालकरत्नास,

दाजींचे अनेक आशीर्वाद (फोन न उचलल्याबद्दल त्यातले दोन कापून घेतले आहेत).

प्रकृती कशी आहे? घसा बसला असावा, असं माझं अनुमान. कारण तुझं दुकान उघडलं त्या दिवसापासून तू माझ्याशी बोललेला नाहीस. इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे तुझ्या ताईचं आहे. माझं वर्तमान खाली देतो. बसून वाच, उभ्याने वाचण्याजोगं नाही.

मी नवा कॉम्प्युटर घेतला, हे तू जाणतोसच. (जुना तुझ्या फर्निचरच्या दुकानाला भेट दिला, दानाच्या माहात्म्यावर चार शब्द बोललो, आणि तू चारचौघांत म्हणालास, "दाजी, हा उठायलाच अर्धा तास घेतो!" त्यावर मी धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असं म्हणालो. असो. तो विषय पुन्हा नको.) तर या नव्या यंत्रावर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर चढवलं. ते म्हणालं, नोंदणी करा. केली. म्हणालं, परवाना अवैध. जिने काढता काढता माझे केस गेले, पण मला अवैध म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती.

इकडे शाळेच्या बाहेरच्या लोखंडी जिन्याचा नकाशा शुक्रवारी द्यायचाय. आतला जिना इतका अरुंद, की सुटीची घंटा झाली की पोरं एकमेकांच्या अंगावरून उतरतात. वेल्डर रोज सकाळी येऊन माझ्यासमोर बसतो आणि उसासे टाकतो. "साहेब, शुक्रवारी कागद नाही मिळाला तर मी दुसऱ्याचं गेट धरतो. मग दोन महिने मला शोधू नका."

शेवटी गल्लीतल्या कॉम्प्युटरवाल्यांना बोलावलं. त्यांना सगळे वैद्यबुवा म्हणतात, कारण नाडी न पाहता औषध देतात. त्यांनी कॉम्प्युटरचं घड्याळ एक महिना मागे नेलं; म्हणजे म्हणे परवान्याची मुदत संपली नाही असं त्याला वाटेल. (ती संपलेली नव्हतीच.) सॉफ्टवेअरला मात्र मी चोर वाटलो. होता तो अर्धा नकाशाही आता नुसता बघता येतो, हात लावता येत नाही, वस्तुसंग्रहालयच झालं. "आता कंपनीलाच विचारा," असं म्हणून वैद्यबुवा सटकले.

कंपनीला फोन केला. पुष्कळ संगीत ऐकवल्यावर एक गोड आवाजाची मुलगी आली. म्हणाली, परवाना कॉम्प्युटरला असतो, माणसाला नाही. मी तिला समजावलं, की देह बदलला तरी आत्मा तोच असतो. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "हो सर, पण आमच्याकडे नोंद देहाचीच असते." शास्त्रार्थात इतक्या लवकर मी कधी हरलो नव्हतो. परवाना म्हणे अजून जुन्याच देहात अडकलाय. तिथून सुटला, तर इकडे येईल.

बाकी विशेष काही नाही. पत्र केवळ खुशाली कळवण्यासाठी.

तुझा,
दाजी

ता.क. – त्या जुन्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर उघड, वर 'मदत' आहे, तिच्या खाली 'परवाना सोडा' आहे, ते दाब. शुक्रवारच्या आत. ताईला तुला फोन करायला सांगितलं, तर म्हणाली, "तुमचं भांडण तुम्हीच निस्तरा." म्हणून पत्र वेल्डरच्या हाती पाठवतोय. काम झाल्याशिवाय तो उठणार नाही. बसण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही.

आणखी एक ता.क. – लिहिणार नव्हतो, पण ती मुलगी असंही म्हणाली, की परवाना काल दुपारी वापरात होता. परवाही. म्हणजे जिला चारचौघांत नावं ठेवलीस, त्या गाईचं दूध रोज काढतोस तर! ताईला विचारलं, तर ती हसायलाच लागली. तू त्यावर कपाटांचे नकाशे काढतोस म्हणे, आणि छान काढतोस. ("तुमच्यापेक्षा सुबक," असंही म्हणाली. ते मी ऐकलं नाही.)

आता खरंच शेवटचं – परवाना एका वेळी एकाच यंत्रावर चालतो, पण इकडून तिकडे हवं तितक्या वेळा नेता येतो. जिना होईपर्यंत तो माझ्याकडे. पुढे सकाळी तू, दुपारी मी. प्रत्येक वेळी सोडताना मात्र एकमेकांना फोन करावा लागेल, आणि तो उचलावाही लागेल. दातांचं बोललो ते मागे घेतो. पण पहिला फोन तूच कर. नाहीतर तुझी ताई म्हणेल, मी नमतं घेतलं.