सहावं प्रकरण: दारूची निवड

३ डिसेंबर, बुधवार

आबासाहेबांचं सहावं प्रकरण हातावेगळं केलं. नाव त्यांनीच दिलं, 'दारूची निवड'. आमचे हे म्हणाले, "गुजरातेत राहून दारूवर लिहितेस, परवाना काढून ठेव." बंदुकीची दारू आहे म्हटलं, तर म्हणाले, "मग दोन काढ."

आबासाहेब सत्त्याऐंशीचे. डांगात लाकडाचे ठेके, शिकारबंदीच्या आधीची शिकार, स्वतःची रायफल. विलायती काडतुसं मिळेनाशी झाली तेव्हा उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी नळ्या जपून ठेवायच्या आणि घरीच पुन्हा भरायच्या. सून वंदना पुस्तक काढते आहे, जानेवारीत वाढदिवसाला. ते सांगतात, मी लिहिते, नाव त्यांचं. चौतीस वर्षं पेपरात दुसऱ्यांच्या बातम्या नीट केल्या. हे त्याहून वेगळं नाही.

प्रकरण चांगलं झालंय. त्यांचं बोलणं मी जवळजवळ तसंच ठेवलं : "रायफलची दारू आळशी पाहिजे. पेटली की गोळीला नळीभर ढकलत नेते. छऱ्याच्या बंदुकीची दारू उतावळी. ती रायफलीत घातली तर गोळी हलायच्या आत रायफल फाटते." दारू तोलायला वराछ्याच्या हिरेबाजारातून हिरे तोलायचा काटा आणला होता.

शेवट : "दारूच्या कपाटाची किल्ली माझ्या जानव्याला असे. पंधरा वर्षांत त्या कपाटाला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही." वाचून दाखवलं. खूश झाले. पुन्हा वाचायला लावलं.

८ डिसेंबर, सोमवार

नववं प्रकरण सांगून झालं. अपघाताचं. आबासाहेबांचा एक माणूस होता, सुकदेव, नवापूरकडचा, तेव्हा पंचविशीतला. हाकारे तोच घालायचा, माग तोच काढायचा. "सुकदेवनं घाईत चुकीची दारू भरली. रायफल फुटली. त्याचा उजवा डोळा गेला, डाव्या हाताची तीन बोटं गेली. मी त्याला टाकला नाही. उधन्याला वॉचमन म्हणून लावून दिला."

सांगताना पोंक खात होते, इथला ज्वारीचा हुरडा. शेव कमी आहे म्हणून मध्येच वंदनाला हाक मारली.

मी लिहून घेतलं, नेहमीसारखं. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं. कपाटाला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. मग सुकदेवनं भरली कुठून?

११ डिसेंबर, गुरुवार

विचारलं. "आबासाहेब, सहाव्यात किल्ली तुमच्याकडे आहे. नवव्यात दारू सुकदेवनं घेतली. वाचणारा विचारेल."

"बाई, तुम्ही लेखिका की वकील?"

मग डोळे मिटून घेतले. वंदना दारापर्यंत आली. "ताई, त्यांचं बीपी आहे. असले प्रश्न मला विचारत जा."

जिना उतरताना त्यांच्या ड्रायव्हरला सहज विचारलं, सुकदेव आहे का अजून. म्हणाला, आहे की, गोडादऱ्याला, मुलाकडे. साहेब दिवाळीला मिठाईचा डबा पाठवतात, मीच देऊन येतो.

१४ डिसेंबर, रविवार

गोडादरा. शाळेमागची गल्ली, वर पत्रा, खाली लूमचा, यंत्रमागांचा आवाज. सुकदेव ऐंशीच्या आसपास. उजवा डोळा शिवल्यासारखा बंद. मला बाजेवर बसवलं, आपण खाली बसला. कितीही सांगितलं तरी वर बसेना.

तो बोलला ते घरी आल्या आल्या उतरवून काढलं, जसंच्या तसं, त्याच्याच बोलीत :

"ताई, रायफलना दारूना डबा खाली व्हयेल व्हता. सायेबनी कपाट उघाडं, छऱ्यानं काडतूस फोडं, त्यानी दारू काढी. मी नुसतं नरसायं धरं. मी म्हनं, सायेब, हाई दारू येगळी दिसस, पापडीनी गत चपटी शे. तर म्हने, दारू ती दारू. मंग म्हने, पयला बार तू मार."

म्हणजे भरली आबासाहेबांनी, सुकदेवनं नुसतं नरसाळं धरलं. आणि आबासाहेबांना माहीत होतं. निदान शंका होती.

मुलगा गुलाब चहा घेऊन आला. लूमवर आहे. हसत हसत म्हणाला, "पपाची कहाणी आम्ही लहानपणापासून ऐकतो मॅडम. आजी बोलायची, स्वतःच्या हातानं डोळा घालवला आणि साहेबाचं नाव घेतो."

निघताना म्हातारा दारापर्यंत आला. "माले काही नको, ताई. डोया गया तो गया. चूक मन्ही नव्हती, तेवढं लिखी टाका. या पोऱ्याले वाची दाखाडजा."

म्हटलं, बघते. हा शब्द मी पेपरात असताना हजारो लोकांना दिलाय.

१५ डिसेंबर, सोमवार

माझंच चौथं प्रकरण काढून वाचलं. "नव्या भरलेल्या काडतुसांतला पहिला बार नेहमी सुकदेवचा. तो मान मी दुसऱ्या कुणाला दिला नाही." ऑक्टोबरात त्यांनी साधंच सांगितलं होतं, पहिली सुकदेव उडवायचा. 'मान' हा शब्द माझा.

दिवसभर दुसरं काम झालं नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

वंदनाकडे. सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. चहा आला, तिनं माझ्या कपात साखर घातली. मग म्हणाली, "ताई, खरं असेलही. पण वाढदिवसाच्या पुस्तकात? दोनशे माणसं येणारेत. आणि पन्नास वर्षांनी कोण सिद्ध करणार?"

"सिद्ध नाही करायचं. नवव्यातलं एक वाक्य काढायचं. चुकीची दारू गेली, एवढंच ठेवू. कुणी भरली ते नको."

"नववं बाबांनी सांगितलंय तसंच राहू दे. तुमची अडचण काय, दोन प्रकरणं जुळत नाहीत, हीच ना? मग सहाव्यातलं काढा. ते किल्लीचं. नसलं तर काय बिघडतं?"

बरोबर आहे. काही बिघडत नाही. संपादक म्हणून मीही हेच सुचवलं असतं.

घरी येऊन काढलं. दोन ओळी. मागचा परिच्छेद पुढच्याला असा चिकटला की मलाही जोड सापडेना. चार मिनिटं लागली असतील. ह्यांना सांगितलं. पेपर वाचत होते. म्हणाले, "तुझं नाव आहे का पुस्तकावर?" नाही. "मग झालं." ह्यांचं म्हणणं समजुतीचं होतं. तरी मी जेवले नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

गुलाबचा फोन. मागे लूमचा खडखडाट, त्यामुळे ओरडून बोलत होता. "मॅडम, पपा रोज विचारतात, लिखं का ताईनी. मी बोललो, अरे टाइम लागतो." मग आवाज खाली आणून, "मॅडम, सच्ची में साहेबानं भरलेली काय? मी कधी सीधा विचारलंच नाही पपाला. आजी बोलायची तेच मानलं."

वंदनाचा चेहरा डोळ्यांपुढे आला. म्हटलं, पुस्तक येऊ दे.

हो म्हणता आलं असतं. फोनवर मला अडवणारं कोणी नव्हतं.

२९ डिसेंबर, सोमवार

प्रुफं मोठ्या अक्षरांत काढून आबासाहेबांना पाठवली. वंदनाचा हट्ट, त्यांच्या नजरेखालून गेलं पाहिजे. तिनं कार्यक्रमही ठरवलाय. सुकदेवला पहिल्या रांगेत बसवायचं, आबासाहेबांच्या हातून शाल द्यायची, त्याआधी नवव्यातला उतारा वाचायचा. कुणी? "ताई, तुमचा आवाज चांगला आहे."

नाही म्हटलं. घसा बसलाय म्हणून सांगितलं. तेवढंच जमलं.

२ जानेवारी, शुक्रवार

उद्या फाइल छापखान्यात जायची. संध्याकाळी पाचला फोन. आबासाहेब स्वतः. आजवर नेहमी वंदनाच लावून देते.

"बाई, सहाव्यातलं माझं वाक्य कुठे गेलं?"

"कोणतं?" उगाच विचारलं.

"किल्लीचं. जानव्याचं. दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही ते."

म्हटलं, वंदनाशी बोलून काढलं. नवव्याशी जुळत नव्हतं.

"पुस्तक वंदनाचं आहे का? परत घाला. शब्द न् शब्द."

"आबासाहेब, मग नवव्याचं काय? दोन्ही राहिली तर वाचणाऱ्याला कळेल, कुणी भरली ते."

त्यांच्याकडचा टीव्ही ऐकू येत होता.

"नवव्यात मी काय सांगितलंय ते मला ठाऊक आहे," म्हणाले. आणि ठेवला.

अभिमान की कबुली, मला ठरवता येत नाही. दहा वेळा आठवून पाहिलं. आवाज नेहमीचाच होता, शेव मागताना असतो तसा.

वाक्य परत घातलं. फाइल दोन आहेत आता, एक वंदनाची, एक त्यांची. वंदनाचा मेसेज साडेसहाला : "ताई, फायनल गेली ना? किल्लीचं काढलेलंच आहे ना?" उत्तर दिलेलं नाही. छापखाना साडेनऊला उघडतो.