यंदा चढावर भोंगे

नोरिना, खुशाली मागाहून विचारते, आधी हे ऐक. आपल्या फादर एवासियोनं यंदा आठ सप्टेंबरच्या मिरवणुकीला टेकडीच्या चढावर चार भोंगे लावायचं ठरवलंय. मठात उन्हाळ्यापुरती चर्चची गाणी शिकायला परदेशी पोरं आलीत, त्यांनी गायलेली मातेच्या नावांची लितानी त्यातून वाजणार, आणि आम्ही बायकांनी तोंडाला कुलूप लावून मेणबत्त्या धरून चालायचं. का, तर म्हणे, “एर्सिलिया, तुम्ही चौघीच उरलात, गाण्याला भोकं पडतात.” त्याच्या मोज्यांना पडतात ती मीच शिवते, ती नाही दिसत मेल्याला. (पाद्र्याला मेला म्हटलं, शनिवारी कबुली देईन. त्यालाच.)

तर, धाकट्या बहिणीस आशीर्वाद. गुडघा कसा आहे? लेकीकडे तोरिनोत लिफ्ट आहे म्हणे, म्हणजे गुडघा मजेत आणि बाकीची तू फुगलेली. मी ठीक आहे, विचारलं नाहीस तरी सांगते.

त्या पोरांतली एक फादरनं मला न विचारता माझ्याच घरी उतरवली. हॅडली, अमेरिकेची. उंची अशी की माझ्या दाराच्या चौकटीवर तीनदा कपाळ आपटलं, आणि तिन्ही वेळा तिनंच चौकटीची माफी मागितली. पोरगी गुणी आहे, पण पहाटे खिडकीशी ‘आऽऽ’ लावते, हल्ली कोंबडा तिच्यानंतर आरवतो. मठातले गुरुजी त्यांना इतकं हळू गायला शिकवतात, जणू मरियामाता तापानं निजली आहे. मग एका शुक्रवारी तिनं आम्हाला चर्चमध्ये ओरडताना ऐकलं आणि वही घेऊन पुढ्यात बसली. “आजी, हे मला शिकवा.” म्हटलं, “बाळे, हे शिकवत नाहीत, सासूच्या शेजारी बसून सोसतात.” तरी हटेना. मी खोकले तरी लिहून घेते.

आठवड्यानं विचारते, “आजी, सातव्या नावाला तुम्ही सगळ्या शब्द अर्धाच टाकून का थांबता?” मला काय ठाऊक? म्हटलं, पूर्वापार आहे. गुरुजींना ते इतकं भावलं की वीसच्या वीस पोरं आता तिथंच थांबतात, डोळे मिटून. परवा ती माझ्याबरोबर फुलं घेऊन टेकडी चढली. पायथ्याशी लितानी सुरू केली, सातव्या नावाला गास्पारेच्या हौदापाशी माझा दम संपला, मी थांबले, आणि पोरगी जी हसत सुटली! नोरिना, साठ वर्षं आपण बाकावर बसूनसुद्धा त्या चढाचा दम खातोय. गुरुजींना सांगितलं नाही. भला माणूस आहे, कशाला दुखवा?

पण तिच्या वहीत आणखी एक जागा कोरी होती, दर चौथ्या नावानंतर. “इथं कुणीच गात नाही. पूर्वी कोण गायचं?” आम्हा चौघींतली झेलिंदा आपल्या चपलांकडे बघायला लागली. मी म्हटलं, कुणी नाही, सवय आहे. तिथला खालच्या पट्टीतला जबाब तू एकटी द्यायचीस. तू माझ्याशी भांडून गेलीस त्याला अकरा वर्षं झाली, आणि आम्ही मूर्ख अजून तेवढा वेळ गप्प बसतो. फादरची भोकं ती हीच. पोरीला तिथं उभी करून पाहिली. चिमणीला नांगराला जुंपल्यासारखं झालं. शिवाय ती ऑगस्टअखेर जाणार.

तुझी थोरली,
एर्सिलिया

ता. क. तुझ्यावाचून इथं कुणाचं काही अडलेलं नाही.

आणखी ता. क. एक तारखेच्या आत ये. मी फादरला गाठून कबूल करून घेतलंय, मिरवणुकीआधीच्या रविवारी लितानी सलग ऐकू आली तर भोंगे उतरतील. त्या भांडणात भर चौकात मी तुझ्या आवाजाला बैलाचा आवाज म्हटलं होतं. ते मागे घेत नाही. पण त्या चढाला बैलच लागतो, हे तेव्हा म्हणायचं राहिलं. खाट झटकून ठेवली आहे. लेकीनं फोन करून ‘आईला झेपणार नाही’ असं सांगायचं नाही, जावयानं तर तोंडच उघडायचं नाही. उत्तर तू लिहायचंस, आपल्या हातानं, आणि त्यात ‘बघते’ हा शब्द नको.